नाक धरा, टायटनवर उतरतोय

नाक धरा. हसू नका, खरंच धरा. डोळे मिटलेत तरी चालेल, पहिली काही मिनिटं ते नुसते चुरचुरणार आहेत. पहाटे गोठ्याचं दार उघडल्यावर तोंडावर येतो ना, तोच हा भपकारा. फक्त गोठा एका अख्ख्या चंद्राएवढा आहे आणि खिडकी कुठेच नाही. अमोनिया.

तुम्ही सुमारे ४५० कोटी वर्षं मागे आला आहात. पायाखाली शनीचा सर्वांत मोठा चंद्र टायटन आहे, पण ‘पायाखाली’ हा शब्द सध्या सांभाळून वापरा, कारण तो अजून जमतो आहे. निघण्यापूर्वी मी तुमच्यासाठी एक सवलत मिळवली आहे: तुम्ही इथे गोठणार नाही, भाजणार नाही, गुदमरणार नाही. पण नाक, कान आणि कातडी यांना सुट्टी नाही. ती नसती तर इतक्या लांब येऊन काय उपयोग?

स्वेटर काढा. टायटनचं तापमान उणे १७९ अंश सेल्सिअस असतं असं कुठेतरी वाचून तुम्ही जय्यत तयारीनं आलात, ते दिसतंच आहे. पण तो आकडा आजचा. आत्ता इथे दमट उकाडा आहे. समोर समुद्र आहे, खराखुरा पाण्याचा. पाण्यात अमोनिया मुरलेला आहे. हात बुडवून बोटं एकमेकांवर घासा, बुळबुळीत लागतील. अमोनियामुळे हे पाणी सहजासहजी गोठतही नाही. भरपूर अमोनिया असेल तर शून्याखाली नव्वद-पंचाण्णव अंशांपर्यंतसुद्धा ते पातळ राहू शकतं. वाफ सतत वर जाते आहे, मान ओली होते आहे, आणि वर पाहावं तर ढगांच्या फटींतून उजेड भगभगतो आहे.

तो उजेड विजांचा नाही. मान खाली घाला!

धडाम्. आणि पुन्हा. आणि डावीकडे क्षितिजापलीकडे आणखी एक, त्याचा आवाज अजून यायचा आहे. शनीभोवती वायू आणि धुळीची भलीमोठी चकती फिरते आहे आणि तिच्यात बर्फ-खडकाच्या गोळ्यांची तोबा गर्दी आहे. काही वाळूच्या कणाएवढे, काही डोंगराएवढे. टायटन त्यातले वाटेत येतील तेवढे गिळत सुटला आहे. प्रत्येक धडकेसरशी समुद्र उसळतो, पाण्याचा खांब उभा राहतो, गरम थेंबांचा सडा पडतो. उष्णता येते ती या धडकांतूनच. बर्फाबरोबर आत कोंडलेला अमोनिया, मिथेन, थोडं सेंद्रिय काळं किटण, असं सगळं सामानही येतं. वातावरण जमतं आहे ते असं, मार खाता खाता.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. टायटन इतका तापलाच नाही, तो बऱ्यापैकी थंडपणे जमला, असं मानणारेही शास्त्रज्ञ आहेत. त्यांच्याकडे त्याच्या अंतरंगाच्या मोजमापांचा आधारही आहे. तरी तुम्हाला मी या उकाड्यात आणलं, कारण अमोनिया बर्फात गोठून बसला तर पुढची कहाणीच घडत नाही. त्याला हवेत यायला ऊब हवी. ती दीर्घकाळ टिकली की मोठ्या धडकांपुरतीच आली, यावर भांडायचं असेल तर भांडा. ऊब मुळीच नव्हती असं मात्र मला पटत नाही.

ढग फाटले आहेत, तेवढ्यात शनी पाहून घ्या. केवढा! आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या अकरापट रुंद वाटतो, तो टायटन आजच्या अंतरावर असताना. कडी शोधताय? ती या काळात होती की नाही यावरच वाद आहे. आणि असती तरी टायटनवरून तुमच्या वाट्याला फक्त एक बारीक रेघ आली असती, कारण टायटन जवळजवळ कड्यांच्या पातळीतच फिरतो. शनीची कडी पाहायला शनीच्या चंद्रावर येणं हा एकूण वाईट बेत.

चला, थोडे पुढे सरकू. काही लाख, काही कोटी वर्षं. धडका विरळ झाल्यात, दोन आवाजांमध्ये आता गप्पा मारता येतात. वास अजून झोंबतो, पण कमी होतो आहे. का, ते कळायला वर जावं लागेल.

वातावरणाच्या वरच्या थरात या. इथे सूर्य दिसतो, लहानसा. तरुण सूर्य आजच्यापेक्षा मंद होता, पण अतिनील किरणांच्या बाबतीत भलताच तापट होता. तो अमोनियाचे रेणू फोडतो आहे. एका अमोनियात एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन. फोडलं की हायड्रोजन मोकळा होतो, आणि टायटनचं गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं की हा हलका वायू त्याच्या हाती लागत नाही. जातो अवकाशात, कायमचा. उरलेले तुकडे जोड्या जमवत, मधे एकदा हायड्राझिन होऊन, शेवटी नायट्रोजनचा रेणू बनतात. तो फोडणं फार अवघड. तो राहतो. मिशिगन विद्यापीठातल्या सुशील अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब १९७८ मध्ये मांडला होता, व्हॉयेजर-१ हे यान टायटनजवळ पोचायच्या दोन वर्षं आधी. व्हॉयेजर पोचलं तेव्हा हवा खरोखरच बहुतांशी नायट्रोजनची निघाली.

नायट्रोजनला वास नाही. तुमचं नाक आता सुटलं असेल.

पण थांबा, मनात शंका आलीच पाहिजे. नायट्रोजन थेट नायट्रोजन म्हणून कशावरून आला नाही? बर्फात कोंडून, आयता? तसं झालं असतं तर त्याच्या सोबतीनं आर्गॉनही आला असता, कारण दोघं जवळपास सारख्याच थंडीत बर्फात अडकतात. आणि आर्गॉन कोणाशी संयोग पावत नाही, त्यामुळे एकदा हवेत आला की तिथेच सापडायला हवा. प्रत्यक्षात टायटनच्या हवेत हा मूळचा आर्गॉन इतका कमी निघाला की दर कोटी रेणूंमागे दोन-तीन. म्हणजे नायट्रोजन वेष बदलून आला होता, आणि तो वेष अमोनियाचा होता. त्यातल्या जड आणि हलक्या नायट्रोजनचं प्रमाणही पृथ्वीच्या हवेपेक्षा धूमकेतूंमधल्या अमोनियाशी जास्त जुळतं. थोडक्यात, टायटनची हवा ज्या मालापासून बनली तो शनीजवळ तयार झालेला नव्हता. सूर्याभोवतीच्या थंडगार धुळीत तो आधीच गोठून तयार होता.

२०१९ मधल्या एका अभ्यासानं यात आणखी एक पदर आणला. टायटनच्या खडकाळ गाभ्यात अडकलेले सेंद्रिय पदार्थ तापून शिजले आणि त्यांतूनही नायट्रोजन सुटला, कदाचित एकूण साठ्याच्या निम्मा. मला हा विचार आवडतो. वरून ऊन फोडतंय, खालून चूल पेटलीय, आणि दोन्हीकडून हवा भरते आहे.

आता शेजारच्या घरात डोकावण्याचा मोह होतोच. गुरूचा गॅनिमीड टायटनपेक्षा किंचित मोठाच आहे, कॅलिस्टो किंचित लहान. दोघांकडे हवा म्हणावी अशी काही नाही. गुरूच्या परिसरात ऊब जास्त होती, तिथल्या बर्फात अमोनिया-मिथेन कमी अडकले, हे एक कारण दिलं जातं. दुसरं असं की गुरूच्या प्रचंड ओढीमुळे तिथे आदळणारे गोळे जास्त वेगानं येतात आणि हवा देण्याऐवजी उडवूनच नेतात. टायटननं मार खाल्ला, पण बेताचा.

इथून पुढचा काळ मी तुम्हाला भराभर नेणार आहे, एका मुक्कामाचा अपवाद सोडून. तो मात्र चुकवायचा नाही.

डोळे उघडा. स्वेटर? हो, आता घाला. दोन घाला.

आकाश स्वच्छ आहे. गडद निळं. सूर्य टोचणारा ठिपका, शनी नेहमीच्या जागी टांगलेला. तो इथे उगवत नाही की मावळत नाही, कारण टायटन त्याच्याकडे कायम एकच बाजू करून फिरतो. समुद्र कधीच गोठून गेला; पायाखालचा ‘खडक’ म्हणजे पाण्याचा बर्फ आहे, दगडाइतका कडक. टाच आपटा, ठण्ण वाजतं.

पण काहीतरी बिनसलं आहे. कान लावा. वारा पडला आहे. दाब उतरतो आहे, कानात दडे बसताहेत ते त्यामुळेच. हवा कमी होते आहे.

चोर कोण? कोणीच नाही. घरातला कमावता गेला आहे: मिथेन. टायटनच्या हवेत मिथेनचा वाटा थोडाच, पण ऊब धरून ठेवण्याचं काम तो, आणि त्याच्यामुळे तयार होणारा हायड्रोजन, नायट्रोजनच्या साथीनं करतात. आणि मिथेनला आयुष्य कमी. ऊन त्याचा एकदा फोडलेला रेणू परत जुळू देत नाही. पुरवठा थांबला तर सगळा साठा काही कोटी वर्षांत संपतो. टायटनच्या वयात काही कोटी वर्षं म्हणजे एक डुलकी. मिथेन संपला, ऊब गेली, पारा आणखी उतरला, आणि मग ज्या नायट्रोजनच्या भरवशावर सगळं उभं होतं तोच गोठायच्या जवळ आला.

ध्रुवाकडे चला, पाऊस दाखवतो. अंगावर घ्या. पाणी नाही हे, आणि मिथेनही नाही. हवाच पडते आहे, थेंब थेंब. तुम्ही नाकानं ओढत होता ती आता खांद्यावरून ओघळते. कातडीला लागताच उडते, चर्र करून, आणि जिथे लागली तिथे क्षणभर बधिर होतं. उतारावर तिचे ओहोळ झालेत, बर्फाचा खडक कातत ते खाली जातात, आणि पुढे ध्रुवाच्या खळग्यात द्रव नायट्रोजनचं तळं साचतं आहे. मंद सूर्याच्या काळात मिथेनविना टायटनचं असंच व्हायला हवं, असं संगणकावरच्या हवामान-प्रारूपांतून दिसतं. वातावरण तळ्यात जाऊन बसतं. आकाश वर कमी, खाली जास्त.

इथे किती काळ थांबायचं? तुमच्या सोयीनं. लाखो वर्षं काहीही घडत नाही, असं हे ठिकाण आहे. थंडी हाडांत जाते, आवाज पातळ होतात, बोललेलं दोन पावलांवर विरतं. कंटाळलात? मीसुद्धा.

मग पायाखाली कळ उठते.

टायटनच्या कवचात मिथेन संपलेला नसतो. तो कोंडलेला असतो. पाण्याच्या रेणूंनी बर्फाचे छोटे पिंजरे केलेले, आणि प्रत्येक पिंजऱ्यात मिथेनचा एक रेणू. हा पदार्थ ऐकून परका वाटेल, पण तो आपल्याकडेही आहे. कृष्णा आणि गोदावरी, महाबळेश्वर आणि त्र्यंबकेश्वरहून निघालेल्या, जिथे बंगालच्या उपसागराला मिळतात, तिथल्या समुद्रतळाखाली २००६ च्या मोहिमेत असाच मिथेनचा बर्फ सापडला. टायटनवर तो चंद्राच्या कवचाचा मोठा भाग असू शकतो. आतून उष्णतेची लाट आली की पिंजरे मोडतात आणि वायू भेगांतून वर निघतो.

गॅब्रिएल तोबी, जोनाथन लुनाइन आणि क्रिस्तोफ सोतां यांनी २००६ मध्ये याचा हिशेब मांडला. त्यांच्या मते असं तीनदा घडलं: एकदा बालपणी, गाभा जमत असताना, दुसऱ्यांदा सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी, आणि तिसऱ्यांदा साधारण ५० कोटी वर्षांपूर्वीपासून. मधल्या काळात उपास. आपण ज्या नायट्रोजनच्या तळ्याकाठी कुडकुडत होतो, तो यांतलाच एखादा उपास समजा.

भेग फुटते तिथे उभे राहा. आधी जमीन गुरगुरते, तळपायातून गुडघ्यापर्यंत येणारी गुरगुर. मग फुत्कार. वास घ्यायला नाक पुढे केलंत, पण काही येणार नाही. मिथेनला वास नसतो. घरच्या गॅसला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त रसायनाचा. वायू नुसता येत राहतो, हजारो वर्षं, लाखो वर्षं. पारा एकेक अंश चढतो. तळ्यांचे काठ मागे सरकतात, नायट्रोजन पुन्हा हवेत उडतो, हवा दाटते, दाटल्यामुळे आणखी ऊब धरते. कानातले दडे सुटले? वारा परत आला. मला विचाराल तर साऱ्या प्रवासातला हाच भाग सगळ्यांत उत्साहाचा, आणि यात बघण्यासारखं काहीच नसतं.

हळूहळू निळं आकाश पिवळं पडतं, मग नारिंगी. कारण वर पुन्हा कारखाना सुरू झाला आहे.

जमिनीपासून हजारेक किलोमीटर वर या. टायटनची हवा इतकी फुगलेली आहे की एवढ्या उंचीवरही ती संपत नाही. इथे सूर्याचे अतिनील किरण आणि शनीच्या चुंबकक्षेत्रातले सुसाट इलेक्ट्रॉन मिळून मिथेन आणि नायट्रोजन दोघांनाही झोडपतात. मोडलेले तुकडे जमेल तसे जुळतात: इथेन, ॲसिटिलीन, बेन्झिन, हायड्रोजन सायनाइड. आता नाकाला काम आहे. एक कडवट, कडू बदामाचा वास, तो सायनाइडचा. आपली सवलत आहे म्हणूनच तुम्ही तो घेऊन जिवंत आहात. दुसरा पेट्रोल पंपावरचा, बेन्झिनचा. रेणू जुळत जुळत लांब साखळ्या होतात, साखळ्यांचे गोळे, गोळ्यांची काजळी. नारिंगी-तपकिरी, चिकट. वाराणसीत जन्मलेले बिशुन खरे आणि त्यांचे सहकारी कार्ल सेगन यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काचेच्या पात्रात असे वायू भरून, ठिणग्या पाडून हीच काजळी बनवली आणि तिला थोलिन म्हटलं. पात्राच्या भिंतींवर तपकिरी थर बसायचा. इथे भिंती नाहीत, तो खालीच पडतो.

कणाकणानं, वर्षानुवर्षं. बोटाला लागलं का? पुसून जात नाही. टायटनवर सतत सौम्य धूळवड चालू असते. विषुववृत्ताजवळ काळ्या सेंद्रिय वाळूच्या टेकड्या शेकडो किलोमीटर लांब पसरल्या आहेत, काही शंभर मीटर उंच. त्यांचा कच्चा माल आला तो याच धुरक्यातून, यावर बहुतेकांचं एकमत आहे. आणि हे धुरकं ऊनही अडवतं. मिथेन आणि मंडळी ऊब वाढवतात, धुरकं तिच्यातला बराच भाग परत हिरावून घेतं. जमाखर्चात पृष्ठभागाला बारा अंशांच्या आसपास ऊब उरते. त्या बारा अंशांवर हा सगळा संसार.

याच धुरक्यानं माणसांना वर्षानुवर्षं फसवलं. जेरार्ड कायपरनं १९४४ मध्ये टायटनच्या प्रकाशात मिथेनची खूण ओळखली. व्हॉयेजर-१ चा मार्ग तर मुद्दाम टायटनजवळून जाईल असा आखला गेला. १९८० मध्ये छायाचित्रं आली ती एका गुळगुळीत नारिंगी चेंडूची. तेव्हाचा तर्क असा होता की मिथेन ४५० कोटी वर्षं सारखा फुटत आला असेल, तर त्यातून बनलेल्या इथेनचा किलोमीटरभर खोल समुद्र खाली पसरलेला असणार. कॅसिनी यान २००४ मध्ये पोचलं आणि रडारनं खाली पाहिलं तर विषुववृत्तावर वाळवंट. समुद्र होते, पण ध्रुवांकडे. क्राकेन हा त्यांतला सगळ्यांत मोठा, महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहून मोठा, तरी जगबुडी करणारा नव्हे. इथेनचा तो हिशेब जुळत नाही, हीच उपासांची सर्वांत बोलकी साक्ष. मिथेन सतत नव्हता. हवेतल्या कार्बनच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाणही सांगतं की आत्ता आहे तो मिथेन फार तर १०० कोटी वर्षांचा.

आता शेवटचा मुक्काम, तुमच्या ओळखीच्या काळात. शनीकडे पाठ असलेल्या बाजूला, विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला. शनी दिसणार नाही, शोधू नका.

कसं वाटतंय? उजेड सूर्य मावळून थोडा वेळ झाल्यावर असतो तेवढा, भर दुपारी. सगळीकडून सारखा नारिंगी, सावलीच पडत नाही. उणे १७९ अंश, दाब पृथ्वीच्या समुद्रकिनाऱ्यापेक्षा जवळजवळ दीडपट. चाला. सत्तर किलोचे असाल तर इथे दहा किलोचे आहात, पण हवा चारपटीहून अधिक दाट, त्यामुळे उडी मारलीत तर खाली यायला वेळ लागतो आणि हात पुढे ढकलला की अडतो. हातांना मोठे पंख बांधले तर माणूस स्वतःच्या बळावर उडू शकेल असा हा एक पत्ता. बोलून पाहा. आवाज जाड, घोगरा येतो. थंडीमुळे इथे ध्वनी सेकंदाला दोनशे मीटरसुद्धा धावत नाही. दिवस आपल्या जवळजवळ सोळा दिवसांचा, तेव्हा दुपारच्या जेवणानंतर वामकुक्षी घ्यायची असेल तर बेतानं घ्या.

पाऊस लागला तर पळू नका. मिथेनचे थेंब इथे सेंटिमीटरभर होऊ शकतात आणि माणसाच्या चालण्यापेक्षा थोड्याच वेगानं उतरतात. बाजूला व्हायला पुरेसा वेळ असतो. अर्थात या पट्ट्यात पाऊस क्वचितच. पण पडतो तेव्हा पडतो: २०१० मध्ये कॅसिनीनं विषुववृत्ताजवळ मोठं वादळ पाहिलं, आणि मग सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन भिजून काळी पडलेली दिसली. पायाखालचे गोटे उचला. बर्फाचे आहेत, गोल, गुळगुळीत. इथून कधीतरी ओढा वाहिला आहे.

वर बघा. १४ जानेवारी २००५. कॅसिनीनं सोडलेली एक तबकडी हवाई छत्रीखाली डोलत येते आहे, अडीच तास चाललंय तिचं येणं. हायगेन्स. सेकंदाला साडेचार-पाच मीटर वेगानं टेकते, थप्प. ओलसर वाळूत बोट रुतावं इतका खड्डा पडतो, ती उसळते, हातभर घसरते, डगमगते, थांबते. तिचा दिवा लागलेला आहे, आणि पोटातला वायू तपासणारा यंत्रसंच कोमट आहे. त्या उबेनं जमिनीतला मिथेन उडायला लागला आणि यंत्रात त्याचा आकडा एकदम चाळीस टक्क्यांनी वाढला. जमीन ओली आहे, हे कळलं ते असं.

याच यंत्रानं वाटेत मघाचा तो दुर्मीळ आर्गॉन मोजला. आणि दुसराही एक आर्गॉन, जड जातीचा, जो खडकातल्या पोटॅशियमच्या किरणोत्सारी क्षयातूनच तयार होतो. तो बर्फाखालच्या गाभ्यात जन्मला आणि इथे हवेत सापडला. म्हणजे खालून वर येण्याची वाट आहे, आणि ती वापरली गेली आहे. माझ्या मते त्या दिवशीचा हा सगळ्यांत मोठा आकडा, जरी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी गोट्यांचाच फोटो छापला.

एक चुटपुट तिकडे जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या नियंत्रण कक्षातही आहे. हायगेन्सचे संदेश झेलायला कॅसिनीवर दोन संदेशग्राहक होते, त्यांपैकी एक चालू करण्याची आज्ञा कार्यक्रमात राहूनच गेली आणि निम्मी छायाचित्रं हरवली. वाऱ्याची मोजमापंही गेलीच होती. पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणींनी यानाचा क्षीण संदेश थेट पकडून ती वाचवली. तासाभरानं कॅसिनी क्षितिजाखाली गेलं. हायगेन्सचा दिवा त्यानंतरही थोडा वेळ चालू होता.

वर मिथेन फुटतोच आहे. आज हवेत आणि समुद्रांत आहे तेवढा साठा टायटनच्या आयुष्याच्या मानानं फार दिवस पुरणार नाही. खालून चौथा हप्ता येणार की हा शेवटचा, याचा अंदाज घ्यायचा तर पुन्हा जाऊन जमिनीचा वास घ्यावा लागेल. त्यासाठी नासाचं ‘ड्रॅगनफ्लाय’ तयार होतं आहे: आठ पंखे, अणुऊर्जेची बॅटरी, मोटारीएवढं यान, याच दाट हवेच्या भरवशावर उडणारं. २०२८ मध्ये निघायचं आणि २०३४ मध्ये सेल्क विवराजवळच्या वाळूच्या टेकड्यांत उतरायचं असा बेत आहे. तुम्ही उभे आहात तिथून ते ठिकाण आठशेएक किलोमीटर. वाट पाहायची असेल तर फार नाही थांबावं लागणार: टायटनचं वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं, म्हणजे इथल्या हिशेबानं ते पुढच्याच वर्षी, याच ऋतूत येणार.